विहिरीवर जावयाची खुर्ची

आमच्या मुलाने आठव्या वर्षी एक उत्तर पाठ करून टाकले होते. काय झालं रे? काही नाही. गुडघा फुटून रक्त वाहत असले तरी काही नाही. घरी येणारे लोक कौतुक करत, पोरगा अजिबात रडका नाही म्हणत. मला त्या कौतुकाचीच धास्ती वाटे. दोन वर्षांपूर्वी हाच मुलगा शाळेतून आला की चपला काढायच्या आत सगळा दिवस सांगून मोकळा व्हायचा. तो मुलगा कुठे गेला, ते कळत नव्हते. वाचनालयातून मी बालमानसशास्त्राची पुस्तके आणून वाचली. त्यांतल्या मुलांना स्वतंत्र खोल्या असत आणि त्यांचे बाप संध्याकाळी पाइप ओढत. सिंदी मेघेतल्या आमच्या दोन भाड्याच्या खोल्यांत त्या ज्ञानाला बसायला जागा नव्हती.

ऐंशी सालाच्या सुमारास आम्ही मे महिन्यात देवळीजवळ माझ्या सासरी गेलो. तिथे माझ्या मेहुण्याने जाहीर केले, की भाच्याला उद्या विहिरीत पोहायला शिकवायचे. शिकवण्याची पद्धत एकच होती. पत्र्याच्या रिकाम्या डब्याचे तोंड झाळून बंद करायचे, तो पोराच्या पाठीला बांधायचा आणि पोराला वरून ढकलायचे. डबा बुडू देत नाही, बाकीचे भीती शिकवते. मेहुणा स्वतः असाच शिकला होता. "मी मेलो का?" हा त्याचा बिनतोड मुद्दा.

सकाळी विहिरीवर बरीच मंडळी जमली. जावयाने उभे राहणे बरे दिसत नाही, म्हणून माझ्यासाठी घरून खुर्ची आणली होती. गावचे माजी सरपंच आले. त्यांनी नारळ फोडला आणि डोक्यावरची छत्री न मिटता भाषण केले. मर्दाच्या जातीने पाण्याला भिऊ नये, हा त्याचा सारांश. ते स्वतः काठापासून चांगले लांब उभे होते.

उन्हाळ्याने पाणी खोल गेले होते. मुलगा काठावर उभा होता. पाठीला डबा, ओठ घट्ट मिटलेले, पायांची बोटे काठाच्या दगडाला आवळलेली.

"भेव लागते का रे?" मेहुण्याने विचारले.

"नाई."

"हा पाहा वाघ!"

तो बुडेल असे मला वाटत नव्हते. मेहुण्याचा त्याच्यावर जीव होता आणि मेहुणा माशासारखा पोहायचा. मला भीती होती ती मुलगा पाण्यातून वर आल्यावर काय म्हणेल याची. तो "काही नाही" म्हणणार, सगळे टाळ्या वाजवणार, आणि मग ते उत्तर जन्मभर त्याच्या तोंडाला चिकटणार.

मी खुर्चीवरून उठलो. "थांबा. मला पोहता येत नाही. आधी मला बांधा."

"भाऊजी, मजाक करून राह्यले का?"

"नाही. आणि ढकलायचं नाही. मी पायऱ्यांनी उतरेन. मला भीती वाटते."

सासरवाडीत जावयाने असे वाक्य बोलल्याचा तिथे कुणाला अनुभव नसावा. मग मागून कोणीतरी म्हणाले, "जवाईबुवाचं वजन एका डब्यानं नाई पेलत, दोन बांधा!" दोन बांधले. नीट दिसावे म्हणून माजी सरपंचांनी छत्री मिटली.

पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. शेवटच्या पायरीला धरून मी छातीपर्यंत उतरलो, आणि पाठीवरचे डबे वर उचलले गेल्याने पाण्यात पालथा झालो. मेहुण्याने उडी मारून मला सरळ केले. मी ठसकत होतो, ओरडतही होतो.

वरून मुलाचा आवाज आला. "बाबा, भेव लागते?"

"लागते रे!"

"लय?"

"लय!"

थोड्या वेळाने तो भिंतीला हात लावत, बसत-उठत पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर बसून त्याने पाण्यात पाय सोडले. "मामा, मले भेव लागते," तो म्हणाला. "आज येवढंच."

मेहुण्याच्या दोन्ही हातांत मी होतो. त्याने माझ्याकडे पाहिले, भाच्याकडे पाहिले. "बरं बाप्पा. उद्या पाहू."

संध्याकाळी मी शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या तापलेल्या मातीत अंग शेकत बसलो होतो. मुलगा शेजारी येऊन बसला आणि कोणी न विचारता बोलू लागला.

"बाबा, मी वर्गात वाचाले लागलो का अडकतो. सर मग मलेच उभं करते. सारे हसते."

"केव्हापासून?"

"दुसरीपासून."

जे कळावे म्हणून दोन वर्षे धडपडलो ते कळले होते, आणि त्याचे काय करायचे हे कोणत्याच पुस्तकात वाचल्याचे आठवत नव्हते. "मी बोलू सरांशी?" मी विचारले.

"संग या. पण बोलीन मी. तुमी नुसते बसजा."

शाळा उघडायला अजून महिना होता. तो त्या रात्रीपासून गाढ झोपू लागला. मी रोज मनातल्या मनात त्या सरांशी भांडत होतो, आणि भांडण रंगात आले की स्वतःला बजावत होतो, आपल्याला नुसते बसायचे आहे.