हमीदभाईंनी मला कामगार ठरवलं

हमीदभाईंशी माझी ओळख झाली ती भांडणातून. पिंपरीच्या बाजारात मी ज्या किराणा दुकानात होते, त्याच्या समोरच त्यांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज. एक दिवस ग्रीसचे हात तसेच घेऊन ते आले आणि गुळाची ढेप दाबून बघू लागले. मी म्हटलं, "पाव्हणं, गूळ खायचाय का त्येला वंगण घालायचंय?" दुसरा कुणी असता तर चिडला असता. हमीदभाईंनी काळा झालेला तेवढा गूळ तासून घेतला, पैसे ठेवले आणि म्हणाले, "आक्का, चूक माझी."

माणूस चांगला, हे तेव्हाच कळलं. मेकॅनिक कसे, ते पुढे कळलं. माझ्या थोरल्याची सायकल त्यांनी तीनदा दुरुस्त केली. तिन्ही वेळा ती आधीपेक्षा जास्त वाजायला लागली. पण त्यांचं खरं काम संध्याकाळी, गॅरेजच्या ओट्यावर सुरू व्हायचं. तिथे बसून ते कामगार सभेच्या, म्हणजे युनियनच्या, माणसांचे अर्ज लिहीत. आता त्यांना साठ पूर्ण होताहेत, त्यांच्या गौरवाचं पुस्तक निघतंय, आक्कांनीही काही सांगावं असा सभेचा निरोप आला. मला अक्षर येत नाही. मी सांगते आहे, नात लिहिते आहे. चुकलंमाकलं तर तिला धरावं.

रहाटणीचं आमचं रान दिरांच्या वाट्याला गेलं आणि मी दुकानात लागले. दुकान आणि मागचं गोदाम धरून आम्ही पंधराएक माणसं होतो. सगळ्यांची नावं हजेरीच्या वहीत, माझं तेवढं नाही. शेठ म्हणायचे, "मावशी आमच्या घरच्या. घरच्या माणसाची कसली हजेरी?" ते ऐकून माझी मान ताठ व्हायची. एकदा सरकारी इन्स्पेक्टर आले. त्यांनी विचारलं, "बाई, इथे कामाला का?" मला रागच आला. "कामाला? मी घरची हाय," असं ठणकावून सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, मी खाली अंगठा उठवला. त्या दिवशी शेठनी मला स्वतःच्या कपात चहा दिला. केवढा तो मान.

पुढच्या दिवाळीच्या गर्दीत माळ्यावरून तेलाचा डबा उतरवताना शिडी सरकली. डब्यासकट खाली आले. शेठ म्हणाले, "उसण भरली असेल मावशी, हळद लावा." हळद लावून महिना गेला, पण मला वाकता येईना. डॉक्टर म्हणाले मणका सरकलाय, यापुढे ओझं उचलायचं नाही. ओझं उचलायचं नाही तर खायचं काय? उरलेलं आयुष्य सुनेनं वाढलेल्या ताटाकडे बघत काढायचं, एवढंच पुढे दिसत होतं. भरपाई मागायला गेले तर शेठनी तो अंगठ्याचा कागद पुढे केला. घरचं माणूस घरात पडलं, भरपाई कसली?

हमीदभाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. मग हसू आवरेना त्यांना. म्हणाले, "आक्का, शेठना वकील करायची गरजच ठेवली नाहीत तुम्ही."

अर्ज लिहायची त्यांची एक रीत आहे. आमच्यासारख्यांना तारखा विचारत नाहीत, सण विचारतात. पाडव्याला दुकानात काय केलं? पंचमीला सुट्टी होती का? तसं विचारत विचारत ते चार संध्याकाळी लिहीत होते. चौथ्या दिवशी मी सहज बोलून गेले की शेठची आई वारली तेव्हा दहा दिवस दुकान मीच सांभाळलं. हमीदभाईंनी पेन खाली ठेवलं. "का? शेठ कुठे होते?" म्हटलं, "अवो, ते सुतकात. नारळ-कापूर सुतकातल्या हातचा कोन घेईल?" त्यांनी चहा मागवला.

कोर्टाच्या तारखेला पुण्याला जाताना बस रिकामी होती. बसलं की माझ्या कमरेत कळ यायची म्हणून मी उभी राहिले. हमीदभाईही उभे राहिले, पिंपरीपासून शिवाजीनगरपर्यंत. मी म्हटलं, "बसा की." म्हणाले, "बसलो तर झोप लागेल." सपशेल खोटं. त्यांना खोटं बोलताना मी तेवढंच पाहिलं.

लेबर कोर्टात शेठनी हात जोडून सांगितलं, मावशी मला आईसारख्या. माझ्या बाजूने सभेतर्फे हमीदभाई उभे होते. त्यांनी मान डोलावली. विचारलं, "शेठ, आई गेल्या तेव्हा दुकान किती दिवस बंद होतं?"

"एक दिवस."

"नंतर तराजूवर कोण?"

"मावशी."

"तुम्ही का नाही?"

"सुतक होतं ना. घरातलं कुणीच मालाला शिवत नव्हतं."

"आणि मावशी शिवत होत्या?"

शेठ वैतागले. "त्यांना कसलं सुतक? त्या काय आमच्या घरच्या—"

जजसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं रडतेय.

निकाल माझ्या बाजूने लागला. भरपाई मिळाली, आणि ती मी आजही माझ्याच हाताने खर्चते. कोर्टाबाहेर हमीदभाईंनी मला कागद वाचून दाखवला. त्यात मला 'कामगार' म्हटलं होतं. मी म्हटलं, "परत वाचा." त्यांनी परत वाचला. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाले, "आक्का, बस चुकेल." पण वाचला.

त्यानंतर बाजारातल्या किती दुकानांतल्या मावश्या, काकू, ताया त्यांच्या ओट्यावर येऊन बसल्या, ते त्यांनाच ठाऊक. आता इन्स्पेक्टर आले की बाया आधी सांगतात, "घर माझं तिकडं गावात हाय. हितं मी कामाला."

हमीदभाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान, म्हणून आशीर्वाद द्यायचा हक्क माझा. त्यांचे गुडघे, डोळे, दात सगळं शाबूत राहो, घरच्यांच्या गोतावळ्यात त्यांनी शंभरी गाठावी. गॅरेज मात्र आता पोराच्या हवाली करावं, गावातल्या सायकलींवर उपकार होतील. ओटा तेवढा सोडू नये. काल तिथून गेले तर सात बाया बसल्या होत्या, आणि हमीदभाई पहिलीला विचारत होते, "बरं, संक्रांतीला काय केलं?"