लेपावरचे ठिपके

परभणीच्या कॉलेजात मी संशोधनाला लागले तेव्हा माझ्याकडे एकच काम होतं. काचेवर दिलेल्या पातळ लेपावर लेसरचा झोत सोडायचा आणि किती जोराच्या झोताला लेप फुटतो ते मोजायचं. एका जागेवर एकच झोत. पुढच्या जागेवर जोर थोडा वाढवायचा. मग काच सूक्ष्मदर्शकाखाली धरून जिथे डाग दिसेल तिथे लेप फुटला असं धरून वहीत त्या जागेपुढे फुली मारायची.

लेप करायची माझी सीनियर ताई. ती पूर्णेहून रेल्वेनं येऊन-जाऊन करायची. द्रावणात बुडवलेली काच यंत्रानं इतकी सावकाश वर यायची की हलतेय हे कळायचंच नाही. ताई शेजारी श्वास रोखून उभी. मग भट्टीत भाजणं. तिच्या पीएच.डी.चा निम्मा भार या लेपांवर होता.

आणि माझ्या मोजणीत ते हलक्या झोतालाच फुटायचे. आमच्या मार्गदर्शक सरांनी भट्टी तपासायला सांगितली. तिनं तापमान बदललं, द्रावण बदललं, दमट हवेचे दिवस टाळून पाहिले. तीन महिने गेले. जेवताना ती डबा उघडायची आणि तसाच झाकायची. "लेपच कच्चा हाय माझा," एवढंच म्हणायची.

एका दुपारी लेसर सुरू करून मी तो स्थिर व्हायची वाट बघत होते. हाताला काम नव्हतं म्हणून, मोजणीआधी नेहमीसारखी पुसून ठेवलेली नवी काच सहज सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. अजून एकही झोत पडला नव्हता, तरी तिच्यावर ठिपके होते. मी रोज डाग म्हणून मोजायचे तसलेच. दुसरी काच न पुसता पाहिली, स्वच्छ. कोरड्या कापसानं पुसून पुन्हा पाहिली, ठिपके! कापसात अडकलेली धूळ लेप ओरखडत होती. पुसणारी मीच.

मी वही मिटली. उद्यापासून नीट पुसलं असतं तर आकडे आपोआप सुधारले असते, कुणाला काही कळलं नसतं. दहा-पंधरा मिनिटं हाच विचार करत बसले. तोवर ताई घरी जायला निघाली होती. मी रिक्षा करून स्टेशन गाठलं.

ती बाकावर बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे तीन महिने मी भट्टीला उगंच शिव्या द्यायले होते?"

"हो ताई. चूक माझी."

तिनं पिशवी खांद्याला लावली. गाडी आली. चढताना मागं वळून म्हणाली, "लय राग आलाय मला. पन उद्या लवकर ये. आधी फोटो काढू, मग झोत."

सरांनी ऐकून घेतलं आणि जुने तक्ते काट मारून तसेच वहीत ठेवायला लावले. आम्ही नवे लेप ओल्या, मऊ कागदानं एकदाच अलगद पुसून मोजले. बहुतेक लेप पहिल्यापेक्षा कितीतरी जोराचा झोत सहन करून गेले. एक मात्र खरंच लवकर फुटला, आणि तोच तिचा सगळ्यात भरवशाचा होता. तिनं स्वतः सूक्ष्मदर्शकात डोळा घालून कितीतरी वेळ पाहिलं, आधीच्या फोटोशी ताडून पाहिलं.

"ह्यो डाग खरा हाय," ती म्हणाली आणि माझ्या हातातली वही घेऊन फुली तिनंच मारली.