म्हशीनं नाकारलेलं पाणी

सोसायटीची पाण्याची टाकी धुवायला काढली की हिरवा, कुबट वास जिन्यात येतो आणि मला धरणाचा काठ आठवतो. मे महिना होता. काठावर तंबूत राहायला येणाऱ्यांना आई चहा-भजी विकायची. त्या वर्षी उतरलेल्या पाण्यावर रंग सांडल्यासारखं शेवाळ आलं होतं. पाहुण्यांना ते भारीच आवडलं. जो तो फोटो काढत होता. एक बाप लेकीला घेऊन पाण्यात उतरला, तेवढ्यात आमची म्हैस आली. एरवी धावत डुंबायला जाणारी ती पाणी हुंगून फुरफुरली आणि मागं फिरली. आई हातातल्या झाऱ्यासकट धावली. "भाऊ, पोरीला भाईर काढा!" तो हसला. "मावशी, म्हशीचं ऐकायचं का आता?" "व्हय. ती रोज हितंच पिती." त्याचं हसू गेलं. त्यानं लेकीला उचललं. बातमी सगळ्या तंबूंत पोचली आणि तासाभरात काठ रिकामा झाला. उरलेली भजी आम्ही खाल्ली, आणि आईनं म्हशीला आमच्या प्यायच्या हंड्यातलं पाणी पाजलं. आता टाकी धुतल्याची पाटी वाचूनही ग्लास भरताना मी जरा थांबतो. इथं विचारायला म्हैस नाही.