घरी पाय कोण बघतं?

मधुमेहाच्या ओपीडीतल्या सिस्टरला पेशंट 'पायवाली सिस्टर' म्हणत. पाय घामेजलेला असो, भेगाळलेला असो, ती तो सरळ मांडीवर घ्यायची. डोळे मिटायला लावून नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवायची. "लागलं का?" बोटांच्या बेचक्या उघडून बघायची, पालथ्या हातानं ऊब तपासायची. मग समजावायची: पाय बधिर झाले की भाजलेलंसुद्धा कळत नाही, तेव्हा शेकू नका, अनवाणी फिरू नका, घरात कुणाला तरी रोज तळवे दाखवा. नुसती मान डोलावून सुटका नसे. "आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर काय करणार?" असं विचारून सगळं वदवून घ्यायची.

तिच्या सासूबाईंना तिच्या लग्नाआधीपासून मधुमेह. त्यांच्याशी या विषयावर तिचं बोलणं एवढंच: "गोळी घेतली ना?" तेही चपला घालता घालता.

एका रविवारी मशीनमध्ये कपडे टाकताना सासूबाईंचा मोजा हाताला कडक लागला. अंगठ्यापाशी पिवळट डाग होता. त्याला जखमेचा वास येत होता. कपडे तसेच टाकून ती त्यांच्या खोलीत गेली आणि त्यांचा पाय हातात घेतला. अंगठ्याखालचा फोड फुटून आत काळं पडलं होतं.

"अहो आई, हे कधीचं?"

"गरम पाण्याच्या पिशवीनं शेकत होते, तेव्हाचं असेल."

"दुखलं नाही?"

"दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?"

दुखत नाही हाच धोका, हे ती दरवर्षी नव्या नर्सना शिकवत आली होती.

सासूबाईंना तिच्याच हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. तिच्या हाताखाली शिकलेली नर्स माहिती लिहून घेत होती. एका प्रश्नाशी ती अडखळली. सिस्टरकडे न बघता तिनं विचारलं, "घरी पाय कोण बघतं?"

"सूनबाई बघते की! रोज," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

गप्प बसावं असं सिस्टरला वाटलं. मग म्हणाली, "नाही गं. मी कधीच बघितले नाहीत. तसं लिही."

अंगठा काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, एक नख कापायचं वाचलं." सिस्टर जिन्यात जाऊन रडली. नवरा मागोमाग आला.

"मुलगा मी आहे. मी तरी कुठे बघितले?"

"तुला कुणी शिकवलं नव्हतं," ती म्हणाली.

जखम भरायला फार वेळ लागला, पण भरली. पूर्वी उशिरा आलेल्या नातेवाइकांना सिस्टर चांगलंच फैलावर घ्यायची: "इतके दिवस झोपला होतात का?" आता ते तिच्या तोंडून निघेना.

हल्ली संध्याकाळी चहाआधी सासूबाई स्वतःच स्टुलावर पाय ठेवतात. परवा सिस्टर बराच वेळ नुसती बघत राहिली.

"अगं, पाय आहे तो, परीक्षेचा पेपर नव्हे." मग हळूच, "अजून मनाला लावून घेतेस?"

"हो."

"घे मग. पण असं तोंड पाडून बघू नकोस. मला वाटतं आणखी एक बोट गेलं."

तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्याचीही लाज वाटली. मान खाली घालून तिनं दुसरा पाय मांडीवर घेतला.