नर्मदेचं नव्हे, नाल्याचं पाणी

"सुडोमोनास," सर्जन म्हणाले. "जंतूचं नाव आहे. एरवीही हट्टीच असतो, पण तुमच्या आईंच्या पायातला तर आमच्याकडच्या सगळ्या औषधांना पुरून उरलाय."

त्यांनी कल्चरचा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. कल्चर म्हणजे जखमेतला पू घेऊन त्यातले जंतू वाढवायचे आणि कोणत्या औषधानं ते मरतात हे बघायचं. प्रत्येक औषधापुढे इंग्रजी आर हे अक्षर होतं. आर म्हणजे रेझिस्टंट, म्हणजे हे औषध लागू पडत नाही. मी खालपर्यंत बोट फिरवत गेलो. दुसरं अक्षर कुठे दिसलं नाही.

"गुडघ्याच्या वर कापावा लागेल. फार दिवस थांबता येणार नाही. विष रक्तात उतरलं, तर मग पायाचा प्रश्नच राहणार नाही."

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी देवासला कारखान्यात सुपरवायझर होतो. आई धारला असे. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. त्यांच्या वेळेपासून एका लहानशा राममंदिराची पूजा आमच्याकडे होती, आणि वडील गेल्यावर तिथलं सगळं आईच बघायची. मंदिराच्या ओल्या पायरीवरून ती घसरली आणि नडगीचं हाड कातडी फोडून बाहेर आलं. इंदूरला ऑपरेशन करून हाडावर पट्टी बसवली, धातूची. हाड जुळेल असं वाटत होतं, पण जखम भरेना. तिच्यातून हिरवट पू यायचा आणि त्याला एक गोडसर वास होता. तो वास माझ्या कपड्यांनाही येतो असं मला कारखान्यात उगीच वाटत राही.

महिन्यांमागून महिने इंजेक्शनं झाली. देवासहून इंदूर, इंदूरहून देवास. ज्यांच्या घरात असं दुखणं रेंगाळलं आहे त्यांना हे सांगायला नको. पहिल्यांदा आपण घाबरलेले असतो, नंतर फक्त थकलेले. शेवटी शेवटी मी ड्रेसिंगच्या वेळी बाहेरच्या बाकावर बसून राहायचो आणि माझी बायको शैला आत उभी राहायची.

पाय कापायचं आईला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "म्हणजे मला पाटावर बसवून ठेवाल आणि दोन वेळा नैवेद्य दाखवाल. मला नाही देव व्हायचं. गेले तरी चालेल, पाय घेऊन जाईन."

सर्जन तिचं बोलणं ऐकून घेत उभे होते. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "एक प्रयोग करता येईल. मी हमी देत नाही. खाली लॅबमध्ये करंदीकर बाई आहेत, त्यांना भेटा."

डॉक्टर करंदीकर जंतुशास्त्राच्या. काही वर्षं रशियाकडे जॉर्जियात शिकून आलेल्या. तिकडे ही चिकित्सा नवलाची नव्हती, आपल्याकडे तिचं नावही कुणी घेत नव्हतं. बाई बारीक, आवाज खणखणीत. मला स्टुलावर बसवून त्यांनी समजावलं.

"बॅक्टेरिओफाज. हा एक विषाणू आहे. विषाणू म्हटलं की लोक दचकतात, पण हा माणसाच्या वाटेला जात नाही. जंतूत शिरतो, आत आपली पिल्लं काढतो आणि जंतू फोडून बाहेर पडतो. जंतू संपले की हाही संपतो. अडचण एवढीच की प्रत्येक जातीच्या जंतूला वेगळा फाज लागतो. आईंच्या जंतूला चालेल असा शोधावा लागेल."

"कुठे मिळतो?"

"जिथे जंतू भरपूर, तिथे. आमच्या इमारतीमागच्या नाल्यात."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला एक काचेची बशी दाखवली. तीत जेलीसारखा थर होता आणि त्यावर आईच्या पायातल्या जंतूंची साय धरली होती. त्या सायीला मधे मधे भोकं पडली होती, स्वच्छ, गोल. "फाजानं खाल्लंय," बाई म्हणाल्या. इतक्या महिन्यांत त्या जंतूला काही होताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तो फाज त्यांनी वाढवला आणि जंतू अडकून राहतील, फाज तेवढा पार जाईल अशा बारीक गाळणीतून गाळला. उंदरांना टोचून बघितला. जे बाटलीत आलं ते फिकट पिवळं, निर्मळ पाणी होतं. त्यात नाल्याचा लवलेश नव्हता. पण सुरुवात नाल्यातून झाली होती, आणि बाईंना ते लपवायचं नव्हतं. बाटली माझ्या हातात देताना त्यांनी बजावलं, "आईंना सगळं सांगा. पाय त्यांचा आहे. त्या हो म्हणाल्या तरच."

आईचं सोवळं मला ठाऊक होतं. गटाराचा शिंतोडा उडाला तर ती पुन्हा डोक्यावरून पाणी घ्यायची. इस्पितळात तिचं सगळं सोवळं मोडलं होतं आणि ते ती निमूट सोसत होती. तिला हे सांगायचं या विचारानंच मला थकवा आला. आमचे एक नातलग धामनोदला होते, ते पूजेसाठी खलघाटाहून नर्मदेचं पाणी पाठवत. आईनं बाटलीकडे बघून विचारलं, "हे काय रे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नर्मदेचं पाणी आहे. डॉक्टरांनी शुद्ध करून दिलंय."

तिनं हात जोडले. बाटलीला.

सर्जननी आधी धातूची पट्टी काढली आणि मेलेलं हाड खरवडलं. मेलेलं हाड आत असेल तर कोणतंच औषध चालत नाही, हे मुद्दाम लिहितो. नंतर आम्ही तिला देवासच्या एका नर्सिंग होममध्ये हलवलं. सकाळ-संध्याकाळ निर्जंतुक गॉज त्या पाण्यात भिजवून जखमेत भरायचं. स्पिरिट, डेटॉल जवळपास आणायचं नाही, त्यानं फाज मरतो. बाटली बर्फात ठेवायची. मी इंदूरहून ती थर्मासमधून आणायचो, मांडीवर धरून.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आई शैलाला म्हणाली, "त्यात तुळशीचं पान टाक गं. आणि एकादशीला मला चमचाभर तीर्थ दे."

शैलाला खरं माहीत होतं. ती बाहेर येऊन मला म्हणाली, "आता आरतीपण करू का? तुम्हीच सांगा जाऊन काय ते." मी आईला सांगितलं की डॉक्टरांनी प्यायला मना केलंय. "डॉक्टरणीला काय कळतं तीर्थातलं," आई म्हणाली. एका खोट्याला सांभाळायला दुसरं लागतं. ते इतकं सोपं असतं की लक्षातही येत नाही.

सुरुवातीला ताप आला आणि मला वाटलं, संपलं. बाई स्वतः बसनं देवासला आल्या, जखम बघितली, म्हणाल्या, "चालू ठेवा." मग एके सकाळी शैलानं विचारलं, "वास गेला का हो? का माझंच नाक बिघडलं?" वास गेला होता. पुढे हिरवेपणा गेला. जखमेच्या तळाशी लाल, दाणेदार मांस दिसायला लागलं. सर्जन त्याला ग्रॅन्युलेशन म्हणाले. म्हणजे शरीर स्वतःच खड्डा बुजवतं आहे. हाड जुळायला पुढे बरेच महिने लागले. पाय थोडा आखूड झाला. पण आई चालली.

डॉक्टर करंदीकरांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. आईला एकदा इस्पितळात आणा, इतर डॉक्टरांना पाय बघू दे आणि काय केलं ते त्यांना सांगता येईल, म्हणजे दुसऱ्या रोग्यांसाठीही हे औषध वापरायची परवानगी मागता येईल. मी हो हो म्हणालो आणि नेलं नाही. तिथे आईसमोर नाल्याचं नाव निघालं असतं. बाईंनी दोनदा निरोप पाठवला. पुढे त्यांची बदली झाली.

धारला आईनं काय केलं असेल ते सांगायला नको. शेजारच्या पाटणकरांच्या आजींपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना पाय दाखवला. "रेवामैयानं दिला," म्हणायची, म्हणजे नर्मदेनं. मंदिरात लोक तिच्या पायाला हात लावू लागले. मी ऐकायचो आणि गप्प बसायचो. कुणाचं काय बिघडतंय, असं मला वाटायचं.

रामरतन भिया, माळव्यात भैयाला भिया म्हणतात, धारच्या आमच्या गल्लीतले शिंपी. आईची पोलकी तेच शिवायचे. त्यांना साखरेचा आजार होता आणि चपलेचा खिळा लागून तळव्याला जखम झाली होती. आई आमच्याकडे देवासला असताना ते काठी टेकत आले. पायाला फडकं गुंडाळलेलं. आईनं त्यांना खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं, पट्टी कशी भिजवायची, किती वेळा बदलायची. ते ऐकून घेऊन ते माझ्याकडे वळले.

"भिया, आप तो पढ़े-लिखे हो. नर्मदाजी का पानी ही था ना?"

आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "डॉक्टर ने कुछ मिलाया था उसमें. आप डॉक्टर को दिखा दो."

"डॉक्टर तो काटने की बोलता है. पैर कट गया तो मशीन आपकी भाभी चलाएगी. उसका सिला ब्लाउज माँजी पहन लेंगी?"

आई खळखळून हसली. मीही हसलो.

मी त्यांना स्कूटरवरून बसस्टँडला सोडलं. आई बरोबर नव्हती. वाटेत सांगता आलं असतं. स्टँडवर बस लागायला वेळ होता, आम्ही शेजारी उभे होतो, तेव्हाही सांगता आलं असतं. मी त्यांना खिडकीजवळची जागा मिळवून दिली.

त्यांचे मेव्हणे धामनोदला ढाबा चालवत. त्यांनी ट्रकवाल्यांकडून नर्मदेच्या पाण्याचे कॅन पाठवले. रामरतन भियांनी दवाखान्याचं ड्रेसिंग बंद केलं आणि सकाळ-संध्याकाळ ते पाणी लावलं. तळवा काळा पडला आणि ते काळेपण वर चढत गेलं. पाय कापला तेव्हा फार उशीर झाला होता. ते गेले.

त्यांच्या पायात कोणता जंतू होता, कोणाला माहीत नाही. त्याला फाज सापडला असता की नाही, तेही नाही. विचारायला करंदीकर बाई तिथे राहिल्या नव्हत्या, आणि त्यात माझाही हात होता; आईचा पाय दाखवायला नेला असता, तर त्यांचं काम तिथे कदाचित टिकलं असतं.

तेराव्यानंतर मी धारला जाऊन आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून तिनं ऐकलं. मला वाटलं, पाय धुवायला उठेल. ती उठली नाही.

"गटाराचं होतं तरी लावून घेतलं असतं मी," ती म्हणाली. "पाय काय तुझा होता? मला विचारलंस कुठे?" मग पदर सारखा करून उठत, "चल."

चारच घरं होती मधे. ती त्याच पायानं पुढे, मी मागे. रामरतन भियांच्या बायकोसमोर जमिनीवर बसून ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "बाई, मेरे पाँव पे नर्मदाजी का पानी नहीं था. दवा थी, डॉक्टरनी ने नाले के पानी से बनाई थी. मेरे कू मालूम नहीं था. मैंने सबको झूठ बोला."

ती बाई माझ्याकडे वळली.

"भिया, वो तो आपसे पूछने देवास आए थे ना?"

"हाँ," मी म्हणालो.

आई त्यानंतर बारा-तेरा वर्षं जगली, स्वतःच्या पायावर. कुणी पायाला हात लावायला आलं की रागवायची, खरं सांगायची. पण लोकांना पहिली गोष्टच आवडत होती. शेवटी शेवटी ती पाय पदराखाली झाकून बसायची. डॉक्टर करंदीकरांचे आभार मी कधी मानले नाहीत. त्या असतील-नसतील, कुठे असतील, मला माहीत नाही. आईची ती वर्षं त्यांनी दिली, नदीनं नव्हे आणि मी तर नव्हेच.

आता आई नाही, शैलाही नाही. मी लिहीन असं वाटलं नव्हतं. पण मागच्या महिन्यात सोनकच्छहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेत, पाठीला जखमा झाल्यात, औषधं लागू पडत नाहीत. धारच्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की आमच्या घरात नर्मदेच्या पाण्यानं पाय वाचला.

या वेळी मी लगेच सांगितलं. नर्मदेचं पाणी नव्हतं, नाल्याचं होतं. खूप हलकं वाटलं मला.

ते गृहस्थ म्हणाले, "अच्छा. तो काका, कौन से नाले का?"

खरं सांगून टाकणं म्हणजे फक्त स्वतः मोकळं होणं नव्हे, हे मला या वयात कळत होतं. "फोन ठेवू नका," मी त्यांना म्हणालो. "कोणत्याच नाल्याचं नाही, कोणत्याच नदीचं नाही. आधी पू तपासायला द्या. कल्चर म्हणतात त्याला." मी खुर्ची ओढून बसलो आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लागलो.