परात आणि टॉवर

आम्ही शिरगावला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगी घरूनच कंपनीचे फोन घेते. नेटचा डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय, कारण रेंज तिथेच लागते. मध्यंतरी दुपारचे तिचे कॉल तुटायला लागले. कंपनीने बजावलं, असंच तुटत राहिलं तर काम बंद. तिने अँटेना लावणाऱ्याला सांगून ठेवलं.

तो यायच्या आदल्या दुपारी भाकऱ्या झाल्यावर मी परात धुतली आणि हल्ली ठेवते तशी डब्यापुढे गजांना टेकवून ठेवली. आतून मुलीचं हॅलो हॅलो ऐकू आलं. डब्याचा हिरवा दिवा लाल झाला होता. परात उचलली, हिरवा झाला. परत ठेवली, लाल. मग मोबाइलचा टॉवर दिसतो त्या बाजूने परात आडवी धरली, तर दिवा हिरवाच. म्हणजे रेंज टॉवरकडून सरळ येत नव्हती, समोरच्या बिल्डिंगकडून येत होती.

मी परात ओट्याखाली सरकवली. इतके दिवस मीच तिचे फोन तोडत होते, हे सांगायला तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी अँटेनावाला आला. टॉवरचं टोक शेजारच्या इमारतीवरून दिसतं. त्याने अँटेना तिकडे वळवली. दिवा कधी हिरवा, कधी लाल. टॉवर डोळ्यांना दिसतोय, आणखी काय पाहिजे, म्हणत त्याने ड्रिल काढलं. मुलीचं काम सुरू व्हायला अर्धा तास होता.

मी परात काढली.

"तुझे फोन मीच तोडत होते," मी मुलीला म्हटलं. "ही इथे वाळत ठेवून."

अँटेनावाला हसला. "मावशी, सिग्नल परातीत मळणार काय?"

मी अँटेना काढायला लावली आणि त्याला दोन्हीकडून परात धरून दाखवली. दुसऱ्यांदा त्याने ती स्वतः धरून बघितली. मग अँटेनाचं तोंड समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे केलं. दिवा हिरवा झाला आणि तसाच राहिला. शेजारच्या इमारतीने सरळ वाट अडवलीय, सिग्नल त्या भिंतीवर आपटून येतोय, असं तो म्हणाला आणि अँटेना त्याने तिथेच पक्की केली.

त्या दिवशी एकही कॉल तुटला नाही. संध्याकाळी काम संपल्यावर मुलगी स्वयंपाकघरात आली. परात खिडकीत वाळत न ठेवता तिने पुसून ओट्याखाली ठेवली आणि चहाचं आधण टाकलं, दोघींचं.