वकीलसाहेबांच्या गाडीची काच

वकीलसाहेबांच्या गाडीची काच फुटली, ती दुपार अजून माझा पिच्छा सोडत नाही. मुदतीआधीच नोकरी सोडली, तरीही.

वकीलसाहेब म्हणजे आमच्या भागाचे आमदार. दोनदा निवडून आले, पण लोकांच्या तोंडी वकीलसाहेबच राहिले. तालुक्याच्या कोर्टासमोर भाड्याच्या खोलीत त्यांनी वकिली सुरू केली. नाव झालं ते आम्हा पोलिसांमुळे. पंचनाम्याला आम्ही ठाण्यासमोरचा चहावाला पंच म्हणून उभा करायचो, आणि हे उलटतपासात त्याची सालं काढायचे. आरोपी सुटायचा. आमदार झाल्यावरही अधिवेशन नसलं की काळा कोट घालून कोर्टात हजर.

निवडणूक तोंडावर होती. नळदुर्ग-उमरगा रस्त्यावर एका ढाब्याजवळ त्यांच्या गाडीची पुढची काच फोडून दगड आत आला. चालकाच्या डोळ्यात काच गेली. संध्याकाळपर्यंत 'आमदारांवर हल्ला' अशी बोंब झाली. फिर्याद त्यांनीच दिली : अज्ञात इसमाने दगड मारला. मला वरून सारखे फोन. तेवढ्यात खबऱ्याने सांगितलं, ढाब्यावरच्या आचाऱ्याने मागे त्यांचं पोस्टर फाडलं होतं, त्यावरून कार्यकर्त्यांशी भांडण झालं होतं. आचाऱ्याला उचललं.

"पोस्टर का फाडलंस?"

"भट्टीच्या तोंडाला चिकटवलं व्हतं साहेब. जाळ लागला असता."

"आणि दगड?"

"दगड कुणी बी मारला न्हाय. पुढं खडीचा डंपर व्हता. त्याच्या चाकाखालनं उडाला, म्या डोळ्यानं बघितलं. लिवा की साहेब."

मी लिहिलं नाही. डंपर शोधायला माणूसही धाडला नाही. सगळ्यांना हल्लेखोर हवा होता, डंपर कुणालाच नको होता. मग ढाब्यामागून तसल्याच दगडांचा ढीग जप्त केल्याचा पंचनामा झाला. पंच आमचा चहावालाच. तो ढाब्यावर गेलाही नव्हता. ठाण्यातले रिकामे कप गोळा करता करता सही करून मोकळा झाला. आचारी जेलमध्ये गेला. जामीन मिळाला नाही.

खटला उभा राहिला तोवर वकीलसाहेब तिसऱ्यांदा आमदार झाले होते. साक्षीत एवढंच बोलले, "दगड मारणाऱ्याला मी पाहिलं नाही." साक्ष संपली आणि सवयीने वकिलांच्या बाकावर जाऊन बसले. पुढची साक्ष चहावाल्याची. आरोपीला सरकारी खर्चाने मिळालेली वकील नवखी होती. "प्रश्न नाहीत," म्हणून ती बसायला लागली.

वकीलसाहेब उठले. "पोरी, बसू नको. त्याला विचार, ठाण्यासमोर चहा कोण विकतं?"

न्यायाधीश म्हणाले, "साहेब, आज तुम्ही साक्षीदार आहात."

"माफी असावी. सवय जाईना."

कोर्ट हसलं. मुलीने तोच प्रश्न विचारला. चहावाला माझ्याकडे बघायला लागला. ढाबा रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे, तेही त्याला सांगता आलं नाही. आचारी निर्दोष सुटला.

बाहेर कडुनिंबाखाली वकीलसाहेबांनी मला गाठलं. "डंपर मला दिसला होता, साहेब. फिर्यादीत बोललो नाही. निवडणूक होती. तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी उलटतपास केला नाही. पुढच्या निवडणुकीला ते उभेच राहिले नाहीत. का, ते त्यांनाच ठाऊक. हल्लीच ते गेले. शोकसभेत प्रत्येक वक्ता त्या हल्ल्याबद्दल आणि त्यांच्या धैर्याबद्दल बोलला. मी मागच्या खुर्चीवर मान हलवत होतो.

खोटं बोलणारा पोलिसाला लवकर ओळखू येतो. खरं बोलणाराही येतो. मला तो पहिल्याच दिवशी ओळखू आला होता.

सुटल्यावर आचारी जप्त केलेला मोबाइल न्यायला ठाण्यात आला. ढाब्यावरचं काम गेलं होतं. रागावला नव्हता, निदान राग दाखवला तरी नाही. दारातून वळून म्हणाला, "आता तरी लिवा की साहेब, डंपर व्हता म्हणून."

मी त्याच्याकडून मोबाइलची पोच तेवढी घेतली.

आज लिहितो. पुढे खडीचा डंपर होता.